पॅरिसच्या आर्पेजमध्ये पहिल्यांदा जेवायला जाताना

पुण्या-मुंबईहून पॅरिसला येणारी आपली माणसं मला गेली नऊ वर्षं एकच प्रश्न विचारत आली आहेत: "शाकाहारी माणसाला तिथे खायला काय मिळणार?" आधी मी फलाफल आणि पिझ्झ्याचे पत्ते द्यायचे. हल्ली मात्र अधूनमधून वेगळाच फोन येतो. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, पैसे बाजूला ठेवलेत, आर्पेजला जायचंय, पण अशा ठिकाणी आम्ही कधी पाऊल टाकलेलं नाही, काय करायचं ते नीट सांग. अशा लोकांसाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी हे ठिकाण काय आहे ते थोडक्यात. आलँ पासार या शेफने 1986 साली पॅरिसच्या र्‍यू द व्हारेन या रस्त्यावर आर्पेज सुरू केलं. 1996 मध्ये त्याला मिशेलिनचा, म्हणजे रेस्टॉरंटांना एक ते तीन तारे देणाऱ्या फ्रेंच मार्गदर्शिकेचा, तिसरा तारा मिळाला, आणि तो मुख्यतः मांस भाजण्याच्या कौशल्यावर. 2001 साली याच माणसाने लाल मांस मेनूतून काढून टाकलं आणि भाज्या ताटाच्या मधोमध आणल्या. तीन तारे असलेल्या फ्रेंच शेफने असं करणं तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. पुढे त्याने स्वतःच्या बागा उभ्या केल्या. मासे, कोंबडी, बदक मात्र चालू होतं. जुलै 2025 मध्ये तेही गेलं आणि त्यासोबत अंडी, दूध, लोणी, चीजही गेलं. प्राण्यांपासून येणारा एकच पदार्थ उरला, तो म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोळ्यांमधला मध.

आधी "भाजीचं रेस्टॉरंट" म्हणजे काय ते तपासा

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबते.

भाज्यांना महत्त्व देणारं रेस्टॉरंट शाकाहारी असेलच असं नाही. पुष्कळ नावाजलेल्या ठिकाणी गाजर ताटाच्या मधोमध असतं, पण त्याखालचा रस्सा हाडांच्या पाण्यावर केलेला असतो. शाकाहारी म्हटलेल्या ठिकाणी अंडं सर्रास असतं, कारण युरोपात अंडं शाकाहारातच मोडतं. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. गोड पदार्थ घट्ट करायला जिलेटिन वापरतात, तेही प्राण्यांचंच. सॉसमध्ये वाइन असते.

मी हे चूक करूनच शिकले. काही वर्षांपूर्वी आई जळगावहून आली होती, तिला मी पॅरिसमधल्या एका मोठ्या रेस्टॉरंटात नेलं. टेबल राखून ठेवताना "शाकाहारी" एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याच वाढपात पालेभाजीवर अर्धवट शिजलेलं अंडं आलं, पिवळा बलक पानावर ओघळलेला. वाढणाऱ्याने माफी मागून ताट लगेच उचललं, दुसरं आणलं. पण आईने पुढचा प्रत्येक घास आधी सुरीने उलटून बघितला आणि मग तोंडात घातला. ते जेवण तिथेच संपलं होतं. तिच्या सवयी मला जन्मापासून ठाऊक, सांगायचं काम माझं होतं.

आर्पेजमध्ये 2025 नंतर अंड्या-दुधाचा प्रश्न उरलेला नाही. तरीही जाण्याआधी चालू मेनू कसा आहे ते बघाच, कारण मोठी रेस्टॉरंटंही दिशा बदलतात. न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्कने जून 2021 मध्ये मेनू पूर्ण वनस्पतीजन्य केला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मांस-मासे पर्याय म्हणून परत आणले. जुना लेख वाचून तिकीट काढू नका.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र मी स्पष्टच सांगते. फ्रेंच स्वयंपाकाचा पायाच कांद्यावर उभा आहे. कांदेनवमीनंतर चातुर्मास पाळणारे असाल तर सहल त्या महिन्यांत ठरवू नका. जैन पद्धतीने जेवणाऱ्यांसाठी कंदमुळं आणि मध दोन्ही अडचणीचे, आणि हिवाळ्यात तर बागेतला बराचसा माल जमिनीखालचाच असतो. आधी लेखी विचारा, आणि उत्तरात जरा जरी गोलमाल वाटला तरी तो बेत सोडून द्या.

तारीख भाजी बघून ठरवा

बहुतेक जण विमानाचं तिकीट काढतात, आयफेल टॉवरचा दिवस ठरवतात आणि उरलेल्या दुपारी जेवण बसवतात. मी उलटं करायला सांगेन. भाजी हाच जेवणाचा विषय असेल तर ती भाजी कोणत्या महिन्यात सगळ्यात चांगली असते ते आधी बघायला हवं. हुरडा खायला कोणी मे महिन्यात जात नाही.

एप्रिल-मेमध्ये पांढरा शतावरीचा कोंब असतो, ज्याला आपण अस्पॅरगस म्हणतो. मे-जूनमध्ये कोवळा मटार, इतका गोड की आपल्या डिसेंबरातल्या सासवडच्या मटाराची आठवण यावी. जुलै ते सप्टेंबर टोमॅटो, काकडी, झुकिनी, वांगी. ऑक्टोबरपासून भोपळे, चेस्टनट, अळंबी. थंडीत बीट, सलगम, सेलरीचा कंद, कोबी. नवख्या माणसाने जून किंवा ऑक्टोबर निवडावा असं माझं मत आहे. जूनमध्ये सगळं कोवळं असतं, चव पटकन कळते. ऑक्टोबरमध्ये उन्हाळ्याचं शेवटचं आणि थंडीचं पहिलं असं दोन्ही हाती लागतं. ऑगस्टमध्ये पॅरिसमधली पुष्कळ दुकानं-रेस्टॉरंटं सुटीवर जातात, त्यामुळे त्या महिन्यात आधी विचारून घ्या.

आर्पेजच्या बागा तीन वेगवेगळ्या भागांत आहेत: सार्त, ऑर आणि समुद्राजवळचा माँश. सार्तची जमीन रेताड, ऑरची चिकणमातीची, माँशची गाळाची. कोणती भाजी कुठे लावायची हे त्यावरून ठरतं. गाजराला रेताड जमीन मानवते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नांगरट घोड्याने होते. सार्तमधून सकाळी खुडलेली भाजी ल माँ स्टेशनवरून वेगवान गाडीने तासाभरात पॅरिसला पोचते आणि दुपारी ताटात येते. म्हणून "त्या दिवशी नेमकं काय असेल?" असं आधी विचारून उपयोग नसतो. पेट्या उघडल्यावर ते ठरतं.

टेबल आणि खर्च

आर्पेज सोमवार ते शुक्रवार उघडं असतं, शनिवार-रविवार बंद. सहलीचे दिवस ठरवताना हे विसरलं की सगळं फिसकटतं.

दर सांगते, कारण तो लपवून उपयोग नाही. 2025 च्या बदलाच्या वेळी दुपारचा मेनू 260 युरोचा होता आणि रात्रीचा 420 चा, दोन्ही माणशी, पेयं वेगळी. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर दुपारी दोघांचे बावन्न हजार. दुपारीच जा. स्वयंपाकघर तेच, भाजी तीच, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात भाजीचा रंग खरा दिसतो. शिवाय एवढं जेवण पचायला अख्खी संध्याकाळ हाताशी राहते.

टेबल त्यांच्या संकेतस्थळावरून राखता येतं. दोन-तीन महिने आधी बघायला लागा. अशा ठिकाणी कार्डाची माहिती मागतात आणि ऐन वेळी आला नाहीत तर पैसे कापतात, त्या अटी वाचूनच पुढे जा. व्हिसा हातात यायच्या आत टेबल ठरवणार असाल तर रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये लाल करून ठेवा.

टेबल राखताना सूचना लिहायला जी जागा असते तिथे चार गोष्टी लिहा: काय खात नाही, कशाची अॅलर्जी आहे, दारू चालते का, आणि खास प्रसंग असेल तर तो. अॅलर्जी आणि आवड यांची सरमिसळ करू नका. "दाण्याने श्वास अडकतो" आणि "दाणे आवडत नाहीत" यांत स्वयंपाकघराला फार मोठा फरक असतो. पहिल्यासाठी ते भांडी-सुऱ्या वेगळ्या काढतात.

आठवडाभर आधी घरी एक बीट भाजा

हे मी सगळ्यांना करायला लावते, आणि ज्यांनी केलं त्यांनी परतल्यावर आवर्जून फोन केला आहे.

आर्पेजचा एक प्रसिद्ध पदार्थ म्हणजे मिठात भाजलेलं बीट. फ्रान्समधल्या गेरांदच्या किनाऱ्यावरचं जाडं, राखाडी मीठ ढिगाने घेतात, त्यात अख्खं बीट गाडतात आणि ओव्हनमध्ये ठेवतात. मीठ तापून कवच होतं, बीट आतल्या आत स्वतःच्याच रसात शिजतं. अलिबागकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना यातली युक्ती सांगायला नको. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, तोंड बंद, बाहेरून जाळ. पाणी नाही, तेल नाही, वाफ बाहेर जायला वाट नाही.

घरी करायचं तर दीड-दोन किलो खडेमीठ, वर चमचा-दोन चमचे पाणी शिंपडून दमट केलेलं, आणि मुठीएवढं एक बीट, न सोललेलं, देठाचा आणि मुळाचा भाग शाबूत ठेवलेलं. चिरलंत तर मीठ आत शिरेल. मिठाच्या थरावर बीट ठेवून वरून पूर्ण झाका, थापून घट्ट करा. 170 अंशांवर सव्वा तास. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका. मग कवच फोडा, मीठ झटका, साल काढा आणि पहिला तुकडा काहीही न लावता खा.

आपण बीट उकडतो तेव्हा अर्धी चव पाण्यात जाते, आणि मग ती भरून काढायला दही, मिरची, दाण्याचं कूट घालतो. ही कोशिंबीर मलाही प्रिय आहे. पण या भाजलेल्या तुकड्यात मातीचा वास, गोडवा आणि शेवटी जिभेवर येणारी हलकी तुरट चव, तिन्ही वेगवेगळ्या लागतात. ही चव एकदा ओळखीची झाली की तिथल्या ताटात काय शोधायचं हे कळतं. ज्यांनी हे केलं नाही त्यांतल्या दोघा-तिघांनी मला येऊन सांगितलं, "सगळं छान होतं, पण फिकं होतं." तिखटाची सवय असलेल्या जिभेला सूक्ष्म चवीकडे वळायला थोडा सराव लागतो. आदल्या दोन दिवसांत तिखट आणि लोणचं कमी केलं तरी फरक पडतो.

त्या दिवशी सकाळी

उपाशी जाऊ नका आणि भरल्या पोटीही जाऊ नका. सकाळी एखादं फळ, चहा-कॉफी, बस्स. हॉटेलातला बुफे नाश्ता त्या दिवशी सोडा.

मंगळवार किंवा शुक्रवार असेल तर सकाळी बुलव्हार रास्पायवरच्या उघड्या बाजारात जा. र्‍यू द शेर्श-मिदी आणि र्‍यू द रेन यांच्या मधल्या पट्ट्यात तो भरतो. तिथे त्या आठवड्यात काय आलंय ते डोळ्यांनी बघा, वास घ्या. विक्रेत्याला विचारल्याशिवाय भाजी हाताळू नका, इथे ते आवडत नाही. तिथून आर्पेज वीस मिनिटांच्या पायपिटीवर आहे. मेट्रोने यायचं तर 13 नंबरच्या मार्गावर व्हारेन स्टेशन अगदी जवळ.

कपड्यांची धास्ती नको. नीटनेटके असावेत, बूट-चप्पल चांगली असावी, टायची सक्ती नाही. साडी छान दिसते आणि त्याकडे कौतुकानेच बघतात. उग्र अत्तर मात्र लावू नका, शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही भाजीचा वास घ्यायचा असतो.

आत शिरल्यावर

दारातून आत जाताच "बाँझूर" म्हणा. फ्रान्समध्ये हा शब्द न म्हणता बोलायला सुरुवात करणं उद्धटपणाचं समजतात, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना जे तुटक वागवलं जातं त्यातलं निम्मं याच्यापायी. मग नाव सांगा. स्वतः जाऊन बसायचं नाही, ते टेबलापर्यंत नेतात.

जागा बघून काहींचा हिरमोड होतो. झुंबरं नाहीत, सोनेरी खांब नाहीत. नाशपातीच्या लाकडाच्या भिंती, मधे काचेची नक्षी, आणि भिंतीवर पासारच्या आजीचं, लुईझचं, चित्र. स्वयंपाक तो तिच्याकडून शिकला असं तो सांगत आला आहे. ते चित्र शोधा.

बसल्यावर पाण्याचं विचारतील, साधं की बुडबुड्यांचं. दोन्ही बाटलीचं आणि विकतचं. नळाचं पाणी हवं तर "य्युन काराफ दो, सिल व्हू प्ले" म्हणा. फ्रान्समध्ये जेवणासोबत ते फुकट देणं रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दारू घेत नसाल तर तेव्हाच सांगा, "सां-झाल्कॉल", आणि सॉसमध्ये किंवा गोडात वाइन आहे का तेही विचारा. वाइन घ्यायची असेल तर प्रत्येक वाढपासोबत वेगळा पेला घेण्याआधी त्याचा दर विचारा. तो जेवणाच्या दराइतका वर जाऊ शकतो.

चवीचा मेनू म्हणजे एकामागून एक लहान लहान वाढपं. तुम्ही निवडायचं नसतं, स्वयंपाकघर निवडतं. आपल्या पंगतीत सगळं एकदम पानात येतं, मीठ-लिंबापासून गोडापर्यंत, आणि आपण हवं तसं फिरतो. इथे एक संपल्याशिवाय दुसरं येत नाही. सुरुवातीला घाई होते, दोन घासांत ताट रिकामं होतं आणि मग वीस मिनिटं वाट बघणं जड जातं. ताट आलं की आधी वास घ्या. पहिला घास नुसत्या भाजीचा घ्या, दुसरा सॉसबरोबर, तिसरा सगळं मिळून. पाव हाताने तोडून खायचा असतो आणि त्याने सॉस पुसून घेतलेला चालतो. फक्त पहिल्या अर्ध्या तासात पावावर ताव मारू नका, पुढे बरंच यायचं असतं.

काटे-सुऱ्यांचा बाऊ नको. बाहेरच्यापासून आत येत जायचं, संपलं की दोन्ही समांतर ठेवायचे. चुकलं तरी कोणी बघत नसतं. ताटातलं काय आहे कळलं नाही तर विचारा. वाढणाऱ्यांना सांगायला आवडतं, कोणत्या बागेतलं तेही सांगतात.

मी आईला आर्पेजला नेलं ते 2024 च्या ऑक्टोबरात. त्या वेळी अंडं, लोणी, चीज सगळं मेनूत होतं, म्हणून या खेपेला मी दोन आठवडे आधी सविस्तर लिहून कळवलं होतं. मिठातलं बीट आलं. फिकट राखाडी ढेकूळ, जात्याच्या तळीसारखं खडबडीत. वाढणाऱ्या मुलीने चमच्याच्या पाठीने वर टकटक केलं, कड तडकली, आणि वाफेबरोबर पहिल्या पावसानंतर येतो तसा ओल्या मातीचा वास सगळ्या टेबलावर पसरला. तिने बीट बाहेर काढून मीठ ब्रशने झटकलं आणि काप केले. सुरी आत जाताना आवाजही झाला नाही. आईने एक काप खाल्ला, डोळे मिटून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, हे उकडलेलं नाही. आपण भरिताचं वांगं काटक्यांवर भाजतो ना, तसं आतून शिजलंय." मी तिचं म्हणणं त्या मुलीला फ्रेंचमध्ये सांगितलं. ती आत गेली आणि पाच मिनिटांनी परत येऊन विचारलं, वांगं कोणतं, आणि काटक्या कसल्या? आईने भरिताची हिरवी वांगी आणि तुरकाट्या दोन्ही हातवारे करून समजावल्या. अंड्याच्या प्रसंगानंतर ज्या आईने दर घास उलटून बघितला होता, ती इथे तीन तास निर्धास्त जेवली.

पासार पुष्कळदा टेबलांमधून फिरतो. आला तर हसून दोन शब्द बोला. फोटो काढायचे तर फ्लॅशशिवाय आणि शेजारच्यांना न घेता. लोणचं, मिरपूड, टबॅस्को मागू नका. मीठ मात्र खरंच कमी वाटलं तर मागता येतं.

दुपारच्या जेवणाला तीन तास धरा. चार वाजताचं कुठलंही तिकीट काढू नका. लहान मुलांना आणू नका असं मी सांगते. त्यांनाही शिक्षा आणि तुम्हालाही.

बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही, कारण ते आणून ठेवणं म्हणजे "उठा" म्हणण्यासारखं. "लादिस्याँ, सिल व्हू प्ले" म्हणा. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. टिप देणं सक्तीचं नाही, मन भरलं तर दहा-वीस युरो रोख ठेवा.

पॅरिसला यायला अजून वेळ आहे, पण अशा जेवणाची सवय करायची आहे, त्यांच्यासाठी मुंबईत सांताक्रूझला अवतारा नावाचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे. त्याच्या दुबईच्या मूळ शाखेला 2023 मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. तिथे चवी आपल्या ओळखीच्या, पण वाढण्याची रीत हीच, एकामागून एक. पहिला धडा म्हणून ते उत्तम.

बाहेर पडल्यावर लगेच मेट्रोत शिरू नका. समोरच रोदँ संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं, म्हणूनही मंगळवार ते शुक्रवार बरा. संध्याकाळी साडेसहापर्यंत उघडं असतं. तिकीट काढून थेट मागच्या बागेत जा, झाडांखाली बाक आहेत. आई आणि मी तिथे अंधार पडेपर्यंत बसलो होतो. रात्री आम्ही दोघींनी फक्त ताक प्यायलं.